कांद्यावरचा आळ

मी विळी बोलतेय. माझं पातं झाशीच्याच एका लोहारानं ठोकलं. वामनराव इथल्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी मला अनुसूयाबाईंसाठी घरी आणलं.

घरात कांदा रोजचाच. पुढे कधीतरी चिरताना बाईंच्या डोळ्यांना धार लागू लागली. वामनरावांना बायकोचा कळवळा, आणि उपायांचा भारी हुरूप. कांदा सोलून थंड पाण्यात ठेव, मुळाकडचा भाग शेवटी काप, वाऱ्याकडे पाठ करून बस. शेजारच्या सरलाभाभींनी दातांत कडुनिंबाची काडी धरायला सांगितली. बाईंनी तीही धरली. बोथट पात्याखाली कांदा चेंगरतो आणि जास्त झोंबतो, म्हणून वामनराव मला बडा बाजारात नेऊन धार लावून आणत. मीही फुशारत घरी येई.

एकदा बाई दुधी चिरत होत्या. कांद्याचं सालही जवळ नव्हतं. तरी माझ्या पाटावर पाणी टपटपलं. डावा डोळा तळव्यानं दाबून त्या बराच वेळ तशाच बसल्या.

संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, कंदिलाभोवती रंगीत कडी दिसतात."

"कांद्याचा हात लागला असेल डोळ्याला," वामनराव हसले.

बाईही हसल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. दुधी मी पाहिला होता. पण विळीला कोण विचारतो?

दोन वर्षं गेली. एका दुपारी भाजी चिरताना त्यांचा डावा हात सरळ माझ्या पात्यावर आला. त्या बाजूचं त्यांना दिसतच नव्हतं. जखम बांधून वामनराव त्यांना तसेच डॉक्टरांकडे घेऊन गेले.

परतल्यावर सरलाभाभींनी दारातच विचारलं. वामनराव उंबऱ्यावर बसले. आतला दाब वाढून डावा डोळा गेला, उजवा औषधानं वाचेल, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "डॉक्टरांनी विचारलं, दोन वर्षं काय केलंत? काय सांगू, भाभी? कांदा पाण्यात ठेवला."

आता माझं पातं झिजून बारीक झालंय. माझ्यावर वामनराव बसतात, गुडघा अवघडून. बाई शेजारी बसून भाजी निवडतात. उपाय सगळे वामनरावांना पाठ आहेत, पण करत एकही नाहीत. कोरडा कांदा घेतात, वाऱ्याकडे तोंड करतात आणि डोळे वाहू देतात.

माझं एवढंच मागणं. घरात कुणाचे डोळे भरले, तर समोर कांदा असला तरी एकदा विचारा, दुखतंय का म्हणून.