रतनमावशींच्या झोपेचा मास्क

मी एक जुना मास्क आहे. मित्रांनो, तोंडाला बांधायचा कापडी मास्क तुम्ही पाहिला असेल. मी तसला नव्हे. माझी गादी रबरासारखी मऊ आणि पारदर्शक आहे. डोक्यामागून बांधायला मला पट्टे आहेत आणि पुढे एक लांब नळी आहे. नळीच्या दुसऱ्या टोकाला जेवणाच्या डब्याएवढं मशीन असतं. ते हवा ढकलतं आणि मी ती माणसाच्या नाकात पोचवतो. झोपेत ज्यांचा घसा आतून मिटतो आणि श्वास अडतो, त्यांच्यासाठी मला घडवलं आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. बराच काळ मी खोक्यातच पडून होतो. उजेड पाहिला तो भोरच्या एका दवाखान्यात. समोर दोन बायका बसल्या होत्या, हिर्डोशीच्या रतनमावशी आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई धोंडाबाई. दोघींचे मालक वारलेले, मुलं पुण्याला कामाला. घरात या दोघीच.

मशीन समजावून देणाऱ्या संजीवनीताईंनी विचारलं, "त्रास कधीपासून होतोय?"

"मला कसला तरास?" रतनमावशी म्हणाल्या. "वाईच घोरते, एवढंच."

"एवढंच न्हाई, ताई." धोंडाबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. "घोरता घोरता ही गप हुती. मी अंथरुणात उठून बसती, वाट बघत. मग एकदम आचका देऊन श्वास घेती. अन् दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. त्या दिवशी चुलीपुढं दूध बघता बघता झोपली. पदर पेटला. मी हंडा ओतला म्हणून आज हितं बसलीय."

रतनमावशींनी कोपराजवळचा भाजल्याचा डाग हळूच झाकला. ते पाहून माझ्या गादीत धडकी भरली. एवढं मोठं काम आपल्याला झेपेल का?

नाही झेपलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाकावर चढवलं आणि लगेच ओरबाडून बाजूला फेकलं. "कुणीतरी नाक-तोंड दाबून धरल्यावानी वाटतंय! जीव जाईल माझा." दुसऱ्या दिवशी तेच झालं. मग मी भिंतीच्या खुंटीला लटकू लागलो. ज्यांचा श्वास मोकळा करायचा, त्यांनाच माझी भीती वाटत होती. खुंटीवरून मला सगळं घर दिसायचं. रतनमावशी भाकरी थापायला बसल्या, की धोंडाबाई हातातलं काम टाकून धावत यायच्या आणि त्यांना चुलीपासून उठवायच्या.

"मला घरात पाव्हणी करून ठिवलंय," रतनमावशी चिडून म्हणायच्या.

"राहा पाव्हणी. पर राहा."

एवढं बोलून धोंडाबाई चुलीकडे तोंड फिरवायच्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. घोरणाऱ्या माणसाइतकंच ऐकणारं माणूसही जागं असतं, हे मला तिथं समजलं.

एकदा संजीवनीताईंचा मोबाईलवर फोन आला. त्या म्हणाल्या, "आधी दिवसा, जागेपणी लावा. काहीतरी काम करत बसा. सवय होऊ द्या." म्हणून दुपारी दोघी ओसरीवर तांदूळ निवडायला बसल्या. मशीन सुरू झालं. रतनमावशींनी मला हातात धरलं, पण नाकाकडे नेईनात.

तेव्हा धोंडाबाईंनी मला सरळ काढून घेतलं आणि स्वतःच्या नाकाला लावलं. त्यांचे डोळे विस्फारले. क्षणभर त्याही घाबरल्या. मग हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

"अगं, नुसतं वारं हाय! वरंध्याच्या घाटात तोंड करून उभं राह्यल्यागत. त्याच्यासंगं भांडू नगंस. येतंय तसं घे." हे बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि सगळी हवा फस्सकन तोंडातून बाहेर आली. रतनमावशी खळखळून हसल्या. मला धुऊन-पुसून त्यांनी स्वतः बांधलं, तोंड घट्ट मिटलं आणि त्या तांदळातले खडे वेचू लागल्या.

रस्त्याने जाणारे शेजारचे कुंडलिक थबकले. "व्हयनी, ईमान चालवायला निघाला का काय?"

तोंड उघडता येत नव्हतं. रतनमावशींनी नुसता हात हलवून त्यांना पुढे जायला सांगितलं.

तसं रोज होऊ लागलं. आणि भातकापणी उरकल्यावर एका दुपारी, धोंडाबाई रानात गेल्या असताना, रतनमावशी मला बांधून आडव्या झाल्या आणि खरोखर झोपल्या. श्वास कुठंही अडेना. मी तर जागचा हलत नव्हतो, न जाणो पट्टा सरकायचा!

इतक्यात धोंडाबाई गवताचा भारा घेऊन परतल्या. उंबऱ्यातच थांबल्या. घरात घोरण्याचा आवाज नव्हता. अंथरुणावर धाकटी जाऊ निपचित पडलेली, तोंडावर मी.

"रतन!" भारा तिथंच पडला. त्या धावत आल्या आणि त्यांनी मला असा हिसका दिला, की माझी पट्ट्याची खिटी तुटून उडाली. "कुंडलिकभावजी, धावा! रतन गेली!"

रतनमावशी दचकून उठल्या. "काय झालं? आग लागली का?"

धोंडाबाई मटकन खाली बसल्या. "आवाज न्हाई आला गं तुझा. मला वाटलं, ह्यानंच..." पुढचं रडण्यात बुडालं.

"आक्का, किती दिसांनी नीट झोपले हुते मी," रतनमावशी म्हणाल्या आणि त्यांनी जावेला जवळ ओढलं.

खिटीशिवाय मी नाकावर टिकेना. त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही. उजाडताच एसटीची वाट न बघता धोंडाबाई कुंडलिकांच्या दुधाच्या टेम्पोत बसल्या, मला पिशवीत घालून पोटाशी धरलं आणि भोर गाठलं. वाटभर त्या मला म्हणत होत्या, "चुकलं रं बाबा माझं."

संजीवनीताईंनी नवी खिटी बसवली. मग विचारलं, "झोपेत रतनमावशी ठीक आहेत, हे तुम्हाला कळायला हवं ना?" माझ्या पुढच्या बाजूला बारीक भोकं आहेत. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर पडतो. ताईंनी मला स्वतःच्या नाकाला लावलं आणि धोंडाबाईंचा तळहात त्या भोकांसमोर धरला. "लागतंय काही?"

"ऊन ऊन वाफ लागतीय," धोंडाबाई हळूच म्हणाल्या.

आता माझी गादी कडक झाली आहे. लवकरच माझ्या जागी नवा मास्क येईल. तोही चांगला बसेल ना, याची मला काळजी लागते. तोवर मला रोज साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवतात. मित्रांनो, कामाच्या वस्तूला याहून जास्त काय हवं? एक मात्र मागतो. तुमच्या घरात कुणी घोरत असेल, घोरता घोरता मध्येच गप्प होत असेल, तर त्यांची नक्कल करून हसू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. आणि त्यांच्यासाठी जागणाऱ्या माणसालाही विसरू नका.

धोंडाबाई अजून रोज माझ्यासमोर तळहात धरतात. श्वास लागतो, जातो, पुन्हा लागतो. मग तो हात हळूहळू जड होतो आणि उशीवर पडतो. शेजारून आवाज येतो तो आता धोंडाबाईंच्या घोरण्याचा.