वाल्दिरेनेचं पातेलं

नाझारेच्या माउलीची सिरियूची मिरवणूक जवळ आली की बेलेम शहरात पाहुण्यांची रीघ लागते आणि माझं डोकं फिरतं. यंदा साओ पावलोहून बहिणीची मुलगी ताईसा आली होती. तिला सगळंच बघायचं होतं. सकाळी नदीकाठच्या बाजारात तिनं अत्तरवाल्या बायकांच्या बाटल्या हुंगल्या, दुपारभर मला इकोआरासीच्या कुंभारांकडे फिरवलं आणि शेवटी नक्षीची एक सुरई छातीशी धरून भुकेनं कावलेली घरी आली. मी अंघोळीला गेले.

माझ्या सासूबाई, ओस्मारिना, घरातच होत्या. पाहुण्याला एकट्यानं जेवू दिलं तर घराची अब्रू जाते, असं त्या मानतात. त्यापायी उत्सवाच्या दिवसांत त्या येईल त्याच्याबरोबर ताटावर बसतात आणि मग पोट धरून कण्हतात.

मी बाहेर आले तर ताईसापुढे लख्ख पुसलेलं ताट.

"मावशी, मनिसोबा खाल्ला! जरा कडवट लागला, पण तो तसाच असतो ना?"

मनिसोबा कडवट नसतो. कसावाची वाटलेली पानं आठवडाभर शिजवावी लागतात, तेव्हा कुठे त्यांतलं विष उतरतं. आमचं पातेलं आठवडाभर अंगणातल्या शेगडीवर रटरटत होतं. त्यात कडू काय लागणार?

"आई, कुठल्या पातेल्यातलं वाढलंत?"

"शेगडीवरच्या."

शेगडीवर पातेली दोन होती. शेजारच्या वाल्दिरेनेचा गॅस संपला म्हणून तिनं सकाळीच आपलं पातेलं आमच्याकडे आणून ठेवलं होतं.

"आपल्या की वाल्दिरेनेच्या?"

"अगं, पोरगी मांस खात नाही म्हणाली. आपल्यात डुकराचे कान, पाय, सगळं पडलंय. तिच्यात अजून काही नव्हतं. म्हटलं, बिचारीला बिनमांसाचं द्यावं."

मांस शेवटी पडतं. बिनमांसाचं म्हणजे कच्चं!

"अहो, सकाळी चढवलंय ते! जन्मभर मनिसोबा रांधलात आणि आता अक्कल कुठे गहाण ठेवलीत?"

"मला वाटलं, तिनं आधी तिच्या घरी शिजवलं असेल..." सासूबाई शेगडीकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला.

ताईसा हसायला गेली. "मावशी, उगाच घाबरवू नकोस. ऊन लागलंय म्हणून डोकं जड झालंय, एवढंच." मग ती उठली आणि तिचा तोल गेला. सुरई फुटली.

माझा आरडाओरडा ऐकून वाल्दिरेने धावत आली. "माझ्या पातेल्याला कोणी हात लावला? देवा, पानं अजून हिरवीगार आहेत!" असं म्हणत तिनं गाडीच काढली.

रस्ते भाविकांनी तुंबले होते. वाल्दिरेने हॉर्नवरून हात काढत नव्हती. मागच्या सीटवर ताईसा माझ्या मांडीवर ओकत होती, तिचा श्वास चढत होता, आणि बहिणीला काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भीतीनं माझ्या जिभेला हाड राहिलं नव्हतं.

"हिला काही झालं तर तुम्हाला माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाही! ऐकताय का?"

सासूबाई खिडकीला टेकून जपमाळ ओढत होत्या. हूं की चूं नाही. मला वाटलं, लाजल्या असतील. लाजू देत.

इस्पितळात ताईसाला आत नेलं. दारामागून तिचा आवाज येत होता, मग तोही थांबला. मी नाझारेच्या माउलीला नवस बोलले, अनवाणी चालेन म्हणाले, काय काय म्हणाले ते आठवतही नाही.

शेवटी डॉक्टरीण बाहेर आली. "फार पोटात गेलं नव्हतं, म्हणून वाचली. जास्त खाल्लं असतं तर कठीण होतं."

मी हुंदके देत बाकाकडे आले. सासूबाई भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. माळ जमिनीवर पडली होती. गाडीतलं बोलणं आठवून मला जरा शरमल्यासारखं झालं.

"आई, वाचली ती. थोडंच खाल्लं होतं तिनं."

त्यांनी डोळे उघडले. ओठ काळेनिळे पडले होते.

"मग आता त्या डॉक्टरणीला म्हणावं, जमलं तर मलाही बघ."

"तुम्हाला काय झालं?"

"पाहुणीला एकटीला कसं जेवू घालणार, गं?" त्यांना धाप लागली. "मी पण घेतलं ताटभर. तिला कडू लागलं, अर्धं टाकलं तिनं. तेही मीच संपवलं."

"मग गाडीत का नाही बोललात?"

"पोरीला आधी बघायला हवं होतं ना," त्या म्हणाल्या, आणि बाकावरून घसरल्या. मी त्यांना धरून डॉक्टरणीला हाका मारत सुटले.