चेअरमनची खुर्ची

खुर्ची चोरली म्हणून बारक्या आत होता. खुर्चीपायी माणसं काय काय करतात ते आपण रोज बघतो. सख्ख्या भावाचा गळा कापतात आणि वर हार घालून घेतात. बारक्याने तसलं काही केलं नाही. चाकं असलेली, उंच पाठीची एक खरीखुरी खुर्ची त्याने पतपेढीच्या फुटक्या खिडकीतून बाहेर काढली आणि भरदिवसा रस्त्याने ढकलत घरी नेली. वाटेत एका टेम्पोवाल्याने "अरे, बसून जा की," म्हणून चेष्टाही केली.

पतपेढीला कुलूप लागून बरेच महिने झाले होते. आत राहिलं होतं काय? चार टेबलं आणि ती चेअरमनची खुर्ची. बाकी सगळं चेअरमनने आधीच नेलं होतं, आणि ते नेताना त्याला खिडकीतून घुसावं लागलं नव्हतं. बारक्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, लोकांचे पडदे शिवून साठवलेलं त्यात गेलं. त्यांच्या बाबांचा निवृत्तीचा पैसा गेला. बाबा जन्मभर एका कारखान्याच्या फाटकावर उभे राहिलेले. पाय असे सुजायचे की चप्पल चढायची नाही, आणि जमिनीवर बसले तर उठवायला दोन माणसं लागायची. बारक्याला वाटलं, पैसे तर गेले, निदान बाबांना बसायला तरी होईल.

बाबा त्या खुर्चीवर जेमतेम आठवडाभर बसले. मग पोलीस आले, त्यांनी बाबांना उठवलं, खुर्ची जप्त केली आणि बारक्याला घेऊन गेले. फिर्यादी कोण, तर पतपेढीतर्फे खुद्द चेअरमन. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

खटला चेअरमनवरही होता, नाही असं नाही. पण तो जामिनावर घरी होता, कारण जामिनाला लागणारे पैसे त्याच्याकडे होते. ते कोणाचे, हे वेगळं सांगायला नको. बारक्याच्या जामिनापुरते पैसे ताईकडेही होते. पतपेढीत.

दोन्ही खटले एकाच कोर्टात, एकाच दिवशी आले. सकाळी चेअरमनच्या खटल्यात ताईची साक्ष, दुपारी बारक्याच्या खटल्यात चेअरमनची साक्ष आणि लगेच निकाल. व्हरांड्यात ठेवीदारांची ही गर्दी. त्यातून वाट काढत चेअरमनचा वकील ताईजवळ आला आणि तिला खांबाआड घेऊन गेला.

"ताई, साहेबांचं मन मोठं आहे," तो म्हणाला. "दुपारी ते सांगतील, खुर्ची मीच न्यायला सांगितली होती, गडबडीत विसरलो. पोरगा संध्याकाळी घरी. तुम्हीही थोडं विसरा. शेवटचे पैसे कोणाच्या हातात दिले, असं विचारतील. नीट आठवत नाही म्हणा. संपला विषय."

ताईला लख्ख आठवत होतं. बाकीच्यांनी पैसे खिडकीवर भरले होते, आणि चेअरमन कारकुनांकडे बोट दाखवून मोकळा झाला होता. ताईचे मात्र त्याने स्वतःच्या हाताने घेतले होते. कुलूप लागायच्या आदल्या दिवशी. वर चहा पाजून म्हणाला होता, "ताई, तुमचा पैसा म्हणजे माझ्या आईचा पैसा." अशी साक्ष दुसऱ्या कोणाकडे नव्हती, म्हणून तर मोठं मन खांबाआड आलं होतं.

ती बारक्याकडे गेली. तो पार टोकाला हवालदाराशेजारी उभा होता. गालफडं बसली होती. तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. त्याने बाणेदारपणे नको म्हणावं, असं तिला कुठेतरी वाटत असावं. पण बाणेदारपणा घरी, भरल्या पोटी सुचतो.

"म्हण ना ताई, आठवत नाही," तो म्हणाला. "मला बाहेर काढ. आत झोप लागत नाही गं."

"काढते," ताई म्हणाली. आणि ती ते मनापासून म्हणाली होती.

आत गेली तर चेअरमन बसलेला. छातीत दुखतं म्हणून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात बसायची परवानगी होती. बाकं भरली होती, त्यामुळे बाबा मागे भिंतीला टेकून उभे होते. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. सरकारी वकिलाने विचारलं, "पैसे कोणाच्या हातात दिलेत?"

"नीट…" ताईने सुरुवात केली.

चेअरमनचा वकील लगेच उठला. "बाई साध्या आहेत, कष्टकरी आहेत. इतक्या दिवसांनंतर त्यांना आठवणार तरी कसं?" आणि पिंजऱ्यातून चेअरमनने तिच्याकडे बघून मान हलवली. कविता म्हणताना अडलेल्या मुलीला मास्तर धीर देतात तशी. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नीट आठवतंय," ती म्हणाली. "याच्या हातात दिले."

मग ती थांबलीच नाही. चहा सांगितला, आईचा पैसा सांगितला, खांबाआडचा सौदाही सांगितला. न्यायाधीश म्हणाले, विचारलं तेवढंच बोला. वकील म्हणाला, साहेबांना अस्वस्थ वाटतंय. पुढची तारीख पडली.

दुपारी बारक्याला तारीख पडली नाही. कोर्टाला तिथे घाई होती. चेअरमनने शपथेवर सांगितलं की खुर्ची न्यायला त्याने कोणालाही सांगितलेलं नव्हतं. चोरी ती चोरीच, समाजाला जरब बसली पाहिजे, म्हणून दोन वर्षं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर बारक्या काही संन्यासी नव्हता. खुर्ची त्याने नेली होती. पण गावाला बुडवणाऱ्याला बसायची परवानगी आणि खुर्ची नेणाऱ्याला दोन वर्षं, हा कुठला तराजू? वर हुकूम झाला: मुद्देमाल मूळ मालकाला परत द्यावा. इतक्या महिन्यांत त्या कोर्टाने परत मिळवून दिलेली ती एकमेव वस्तू.

बारक्याला नेलं. जाताना त्याने ताईकडे पाहिलं नाही.

शिपायाने खुर्ची व्हरांड्यात आणून ठेवली. चेअरमन बाहेर आला, ताईपाशी थांबला आणि कळवळ्याने म्हणाला, "मी सोडवत होतो त्याला. शिक्षा तुम्ही दिलीत."

ते वर्मी लागलं, कारण त्यातलं निम्मं खरं होतं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते पुसलं नाही. वळून तिने बाबांचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीपाशी आणलं.

"बाबा, बसा."

बाबांनी सवयीने हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने तोंड फिरवलं. बाबा बसले.

"अहो, ही पतपेढीची खुर्ची आहे," चेअरमन म्हणाला. "माझी गाडी थांबलीये. आणि मला उभं राहवत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तू उभा राहा," ताई म्हणाली. आजवर तिने त्याला साहेब म्हटल्याशिवाय हाक मारली नव्हती. "दोन वर्षांचा गुन्हा आहे ना? मग मलाही आत टाक. तोवर तू उभा राहा."

चेअरमनने छातीवर हात ठेवला आणि टेकायला जागा शोधू लागला. व्हरांड्यातल्या बाकांवर ठेवीदार बसले होते. कोणीही सरकलं नाही.