पहिल्या चोवीस तासांचा आकडा

तेलाची विहीर सुरुवातीला किती तेल देते यावरून ती खोदणाऱ्या कंपनीची लायकी ठरवतात, आणि त्यासाठीचा तक्ता मी करतो. पाच कंपन्या, पाच ओळी, एक पान. पानाबाहेर एक अक्षर गेलेलं मला खपत नाही. ऑफिसात पाठीमागे मला 'फूटपट्टी' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

त्या पाचांतल्या सगळ्यात लहान कंपनीत माझा थोरला भाऊ ड्रिलिंगचा प्रमुख होता. आईवडील गेल्यावर दादानेच मला वाढवलं, शिकवलं. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे रविवारचं दुपारचं जेवण दादा-वहिनींकडे, हे वीस वर्षं ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या तक्त्यात त्याची कंपनी शेवटून पहिली आली. बाकीच्यांच्या विहिरी दिवसाला नऊशे, हजार बॅरल देणाऱ्या. यांची पाचशे वीस. पुढची सगळी कामं दुसऱ्यांना गेली, खोदकामाची रिग बंद पडली, माणसं पांगली. दादा आता एका गोदामाच्या फाटकावर बसून ट्रकांचे नंबर लिहितो. त्यानंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा वहिनीने दार अर्धंच उघडलं आणि "ते झोपलेत" म्हणाली. दुपारचे बारा वाजले होते. मी काय समजायचं ते समजलो आणि पुन्हा गेलो नाही.

आपलं काही चुकलं नाही, असं मी स्वतःला बजावत राहिलो. आकडा तो आकडा. उलट भावाची कंपनी म्हणून मी जरा जास्तच कडक वागलो होतो. उद्या कुणी बोट दाखवायला नको. त्या ताठपणाचं मला कौतुकसुद्धा होतं. पण रविवार जाता जात नाही. मी कपाट आवरतो, मग आवरलेलं कपाट पुन्हा आवरतो. मला दादाची फार आठवण येते. हे सांगायला कुणी नाही, म्हणून मी सांगत नाही, एवढंच.

गेल्या मंगळवारी त्याच विहिरींचे ताजे आकडे टेबलावर आले. हजारवाल्या विहिरी दीडशेवर येऊन धापा टाकत होत्या. दादाची अजून तीनशे देत होती. मी लगेच फाईल काढून दादाच्या कंपनीचा मूळ फॉर्म पाहिला. आकड्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: हा आकडा पहिल्या तीस दिवसांच्या सरासरीचा आहे, पहिल्या चोवीस तासांचा नव्हे. बाकी चौघांनी व्हॉल्व्ह सताड उघडून पहिल्या दिवसाचा जोर मोजला होता. नवी विहीर पहिल्या दिवशी उसळणारच, महिन्याभरात तिचा जोर ओसरतो. महिन्याच्या हिशेबाने सगळ्यांना एका रांगेत लावलं, तर दादाची कंपनी पहिली येत होती. आणि मी दोन वेगळे आकडे एका रकान्यात कोंबले होते. त्या दोन ओळी पानात मावत नव्हत्या, म्हणून न वाचताच मी त्यांना कात्री लावली होती.

साहेब म्हणाले, "दोन वर्षांपूर्वीची मढी कशाला उकरताय? कोण बघतंय?"

"दुरुस्ती माझ्या नावाने छापा, नाहीतर राजीनामा देतो. तोही एका पानात बसवतो."

छापली त्यांनी. तो कागद घेऊन शनिवारी संध्याकाळी मी दादाच्या दारात उभा राहिलो. दार त्यानेच उघडलं. डोक्यावरचे सगळे केस पांढरे झाले होते. आत ये म्हणाला नाही. मी कागद पुढे केला, त्याने उभ्याउभ्याच वाचला.

"दादा, माझं चुकलं."

"त्या दोन ओळी मी लिहिल्या होत्या," तो म्हणाला. "आमचे वरचे म्हणत होते, आपणही चोवीस तासांचाच आकडा देऊ. मी म्हटलं, महिन्याचा खरा, तोच द्या. तक्ता माझा धाकटा करतो. काही वेगळं दिसलं तर तो फोन करून विचारेल."

"तुला फोन केला असता, तर लोक म्हणाले असते, भावाला झुकतं माप दिलं. म्हणून मी मुद्दाम—"

"बाकीच्या चौघांना केला होतास?"

छापायच्या आधी एकेका कंपनीला फोन लावून आकडा ताडून बघायचा, ही माझी सव्वीस वर्षांची पद्धत आहे.

"केला होता," मी म्हणालो. "चौघांनाही."

दादाने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. आतून वहिनीचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

"कुणी नाही गं," दादा म्हणाला. "तेलाच्या ऑफिसातले एक गृहस्थ आहेत."