सात वर्षांची ओळ

पाणीखात्यात सगळे तिला मीटरबाई म्हणत. बढत्या मिळत ती पाचव्या मजल्यावर पोचली तरी ते नाव काही सुटलं नाही, आणि तिला त्याची लाजही नव्हती. आता शेजारच्या मोठ्या शहरातल्या पाणीपुरवठा कंपनीत मुख्य व्यवस्थापकाचं पद रिकामं झालं होतं. तिचं वय बावन्न, पुढच्या वर्षी अर्जसुद्धा करता आला नसता. म्हणजे मिळालं तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

मुलाखतीच्या दहा मिनिटं आधी सल्लागारानं तिच्या हातात कागद ठेवला. हा बड्या बड्या पदांसाठी माणसं शोधून देणारा गृहस्थ, कडक इस्त्रीचा आणि गोडबोल्या. तिची सगळी माहिती त्यानं नव्यानं टाइप करून आणली होती. मीटरबाईनं कागद वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"माझी पहिली सात वर्षं कुठं गेली?"

"काढली," तो म्हणाला. "मॅडम, एवढं मोठं पद आणि सुरुवातच 'मीटर रीडर'? दारोदार हिंडलेली बाई वाटते हो! कुणी विचारलंच तर सांगा, मूल लहान होतं, घर सांभाळलं. सगळ्या बायका तेच सांगतात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दार उघडलं होतं, आणि खरं सांगायचं तर पद तिला हवंच होतं. मूग गिळून ती आत गेली.

आत पाच जण होते. पाऊण तास तिनं त्यांना गळती, दाब आणि गंजलेले पाइप असे काही समजावले की एकानं चहा गार होऊ दिला. अध्यक्ष खुशीत मान डोलवत होते. काम झाल्यातच जमा होतं.

मग अध्यक्षांनी पान उलटलं. "शिक्षणानंतर सात वर्षं रिकामी दिसतात. मूल लहान असेल, नाही का? घर सांभाळलं असेल."

उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं, अगदी मायेनं. तिनं नुसतं हसायचं होतं. टेबलाच्या टोकाला बसलेला सल्लागार तिच्याकडे पापणी न लवता बघत होता.

तिला आठवली तिची थोरली जाऊ. सात वर्षं हिचं पोर कडेवर वागवणारी, त्याची आजारपणं काढणारी, वर "तू जा गं, मी आहे" म्हणणारी. आणि हिचे पाय रोज रस्त्यावर. एक हसू फेकून दोघींचे कष्ट मातीमोल करायचे? हिचं डोकं फिरलं.

"रिकामी नव्हते," ती म्हणाली. "मीटर वाचत होते. रोज सव्वाशे घरं. जिन्याखाली, मोरीत, कुत्र्याच्या खोपटामागे, जिथं मीटर असेल तिथं वाकून. गळतीचं आत्ता एवढं ऐकलंत ना, ते कॉलेजात नाही शिकले. कुलूप लावलेल्या घराचा मीटर फिरताना पाहिला, तेव्हा कळलं. कागदावरची ती ओळ या सल्लागारांनी काढली."

"टायपिंगमध्ये राहिली असेल," सल्लागार चाचरला.

"राहिली नाही. आणि काय सांगायचं तेही मघाशी बाहेर मला पढवलंत."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "असू द्या. आम्ही ऐकलं ना. पण ही फाइल वर मालकांकडे जाते, त्यांना जरा रुबाबदार माणूस लागतं. कागदावर नसलेलंच बरं. पद हातात आलंय बाई, कशाला घालवता?"

"यायचं असेल तर सगळ्या वर्षांसकट येऊ दे."

ती उठली. एकेकाच्या पुढ्यातली प्रत ओढून घेत उभ्याउभ्याच लिहीत गेली: मीटर रीडर, सात वर्षं. सल्लागारानं आपली प्रत छातीशी धरली, तीही तिनं काढून घेतली. शेवटी अध्यक्षांची. तिथं तिनं आणखी एक ओळ घातली: या काळात माझं मूल माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सांभाळलं.

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "जाऊबाईंचा इथं काय संबंध?"

"ती होती म्हणून मी इथं उभी आहे." तिनं प्रत त्यांच्यापुढे सरकवली. "आता नाही म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण वाचून म्हणा."