मार्चची यादी

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चंपाबाईंना डायलिसिसच्या दारावरून परत पाठवण्यात आलं. दारावर लावलेल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, आणि शहरातल्या राइट टाउन भागातल्या त्या खाजगी रुग्णालयात यादीबाहेरच्याला आत घेत नसत. त्या पनागरला, आपल्या गावी, परत गेल्या. दुपारी अडीचला मुलगा देवीदास त्यांना ऑटोतून घेऊन आला, तेव्हा त्यांना धड श्वास घेता येत नव्हता; आत नेईपर्यंत शुद्ध गेली.

यादी विनताने लिहिलेल्या पायथन स्क्रिप्टने, म्हणजे संगणकावरच्या छोट्या प्रोग्रामने, छापली होती. विनता तिथे नऊ वर्षं कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होती.

"काहून ताई, दर सोमवारी नाव राहते तिचं," देवीदास तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला. "माय दारात सांगून राहिली होती. कोणी ऐकलं नाही."

विनताने यादी पाहिली. ती मार्चची होती. तेव्हा चंपाबाईंचं डायलिसिस सुरूही झालं नव्हतं.

कारण तिला बसल्या जागी कळलं. स्क्रिप्टमध्ये तिने यादीच्या फाइलचं नुसतं नाव लिहिलं होतं, जागा नाही. त्यामुळे स्क्रिप्ट ज्या फोल्डरमधून चालवावी, तिथेच यादी शोधायची. विनता रोज स्क्रिप्टच्याच फोल्डरमधून चालवायची. ताजी यादी शेजारी असायची. शनिवारी मॅनेजर अच्युत सरांनी स्क्रिप्ट आपोआप चालेल अशी लावली, स्वतःच्या फोल्डरमधून. तिथे त्याच नावाची मार्चची प्रत पडून होती.

ओळ बदलायला तिला दोन मिनिटं लागली.

अच्युत सरांच्या केबिनमध्ये कागद तयार होता: ऑपरेटरची चूक.

"चलो, सही करून टाका, विनताजी. स्क्रिप्ट तुमचीच आहे ना?"

"माझीच. ओळ कच्ची होती, तेही लिहून देते. पण शुक्रवारी मी म्हटलं होतं, लावायच्या आधी एक ओळ बदलू द्या, मग कुठूनही चालवा, स्क्रिप्ट जिथे ठेवली आहे तिथलीच यादी उचलेल. तुम्ही काय म्हणाले?"

"चालून राहिलं ते छेडू नका, म्हटलं असेन."

"मग ते लिहा."

"तुमचं कंत्राट तीस तारखेला संपून राहिलं. माहीत आहे ना?"

"तारीख मला कोणी सांगायची गरज नाही."

तिने त्याच कागदावर खाली लिहिलं: ओळ माझी. फोल्डर अच्युत सरांचं. शुक्रवारी सांगितलं होतं. मग सही केली.

"असला कागद वर जात नाही," अच्युत सर म्हणाले.

"मी नेते."

संचालकांच्या कार्यालयात कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. संध्याकाळी सहापर्यंत चंपाबाई शुद्धीवर आल्या नव्हत्या. विनता अजून पोच मागत त्या कार्यालयाच्या काउंटरसमोर उभी होती.