साध्या पाण्यातलं अंडं

अंडं तरंगलं आणि सातवीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रयोगशाळेचे परिचर भगवंतराव मात्र जागच्या जागी गार पडले, कारण मिठाची पुडी अजून त्यांच्या हातातच होती. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मीठ घातलं की पाणी जड होतं आणि तेच अंडं वर येतं, असा तो प्रयोग. दर्यापूरजवळच्या त्या शाळेत एकोणीस वर्षं त्याची मांडामांड तेच करत होते, दरवेळी घरच्या कोंबडीचं ताजं अंडं आणून. नेमकी आजच ती मेली खुडूक बसून अंडं देईना, म्हणून त्यांनी पोरांच्या पोषण आहाराच्या खोक्यातलं एक उचललं होतं. साध्या पाण्यात तरंगतं ते शिळं अंडं. आतला ओलावा उडून पोकळी धरलेली असते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तपासणीला आलेल्या साहेबांनी मान वर केली. "हे काय?" भगवंतरावांना नोकरीत कायम करण्याचा कागद साहेबांच्याच सहीसाठी समोर पडला होता.

अंड्यांची खोकी मुख्याध्यापकांच्या मेहुण्याकडून येत. मुख्याध्यापक लगबगीने पुढे झाले. "भगवंतराव, मीठ आधीच टाकून ठेवलं काय तुमी?" आणि विचारता विचारता डोळे वटारले.

भगवंतरावांनी पुडी हळूच खिशात सारली. "हो सर. चुकी झाली माही."

"एवढी वर्षं काय केलंत मग?" साहेबांनी तो कागद न वाचताच बाजूला सारला. नोकरीसाठी माणूस खोटं बोलला आणि त्याच खोट्याने कायमची नोकरी घालवून बसला, याला काय म्हणावं!

मधली सुट्टी व्हायच्या आधी भगवंतराव स्वयंपाकखोलीत धावले. अंडी अजून चुलीवर चढायची होती. त्यांनी सगळी पाण्याच्या बादलीत सोडली. निम्म्याहून जास्त वर आली. स्वयंपाकीण कौशल्याने कपाळाला हात लावला.

"अवो, मंग सायबाले सांगा ना! हापिसातच बसून हायेत अजून."

"काय सांगू बाई? मीठ मीच टाकलं म्हनून आत्ताच सांगून आलो ना त्याहिले."

तरंगलेली अंडी त्यांनी शाळेमागे खड्डा करून पुरली. उरलेली सगळ्यांना पुरण्यासारखी नव्हती, म्हणून कुणालाच दिली नाहीत. पोरांच्या ताटात नुसती खिचडी पडू लागली. पहिल्या बाकावर बसणारी दीक्षा ताट घेऊन समोर आली.

"काका, त्या पान्यात मीठ नवतं. मी बोट बुडवून चाखलं होतं."

भगवंतरावांनी तिच्या ताटात खिचडीचा आणखी एक डाव वाढला. ती हलेना. मग त्यांनी मान खाली घालूनच तिच्या मागच्या पोराला पुढे बोलावलं.